दुखत नाही, म्हणून जात नाही

आजचा विषय ऐकून काही जण हा भाग पुढे ढकलतील, हे मला ठाऊक आहे. विषय आहे दात. नेमकं सांगायचं तर, दाताच्या डॉक्टरकडे माणूस कधी जातो, कधी जात नाही आणि का जात नाही. पुढे ढकलणं हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून विनंती करतो की आज एवढं ऐकून घ्या.

सुरुवात बैलापासून करू. आपल्याकडे बाजारात बैल घेताना शेतकरी पहिलं काय करतो? जबडा उघडून दात मोजतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे, हे बघितल्याशिवाय पैशाची गोष्ट निघत नाही. हाच शेतकरी स्वतःच्या तोंडात, बायकोच्या तोंडात, पोराच्या तोंडात किती वेळा डोकावतो? ही गोष्ट मला सुचली ती तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडू या गावी. तिथे २०१२ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावरून जाताना माझ्या शेजारी बसलेला माणूस नुकताच दातापायी मरता मरता वाचला होता.

सुभेदारसाहेब

हा माणूस म्हणजे माझ्या तोफखान्याच्या रेजिमेंटमधले सुभेदारसाहेब. त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे. तरुणपणी देवळालीला असताना थोडं मराठी शिकले होते. आजही फोनवर पहिलं वाक्य मराठीत असतं, "काय साब, बरं हाय का?" मग आम्ही हिंदीवर येतो. ओरत्तनाडू तालुक्यात त्यांची थोडी भातशेती आहे, ग्रँड आणिकट कालव्याच्या पाण्यावरची.

त्या वर्षी जानेवारीत, पोंगलच्या आठवड्यात, त्यांच्या मुलाचा फोन आला. वडील तंजावरच्या रुग्णालयात आहेत, गळा सुजलाय, गिळता येत नाही. मला वाटलं हृदयाचं काही असेल. मुलगा म्हणाला, "नाही सर, दात."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी त्यांची खालची डावी दाढ दुखू लागली. औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या, लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. आठ-दहा दिवस ठणकलं आणि मग थांबलं. घरच्यांना वाटलं, बरं झालं. मध्ये दोनदा गाल सुजला, गोळ्यांनी उतरला. ते दुसऱ्या बाजूने चावायला शिकले. सांबा भाताची कापणी सुरू झाली तेव्हा तिसऱ्यांदा सूज आली आणि या वेळी ती गालावर न थांबता जबड्याखाली उतरली. कापणी चालू होती, मशीन ठरलेलं होतं, म्हणून आणखी दोन दिवस काढले. तिसऱ्या रात्री तोंड उघडेना, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, श्वासाला घरघर लागली. रात्री दीड वाजता गाडी करून तंजावरला नेलं. गळ्याला छेद देऊन पू काढला, दाढ काढली. त्यात साखरेचा आजार. तेरा दिवस ते आत होते.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात लुडविग अँजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये तिचं वर्णन केलं. हृदयाच्या अँजायनाशी तिचा संबंध नाही. जबड्याखालच्या भागात संसर्ग पसरतो आणि सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते. बहुतेक वेळा सुरुवात खालच्या मागच्या दाढेतून होते. म्हणजे ज्या दाढेला वेळेवर अर्ध्या तासात भरून घेता आलं असतं, तीच दाढ माणसाला मृत्यूच्या दारात नेऊ शकते.

आणि मित्रहो, या माणसाच्या खिशात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड होतं.

आता माझी कबुली

फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला गेलो. मनात थोडा राग होता. एवढा शिस्तीचा माणूस, तोफेच्या नळीवर धुळीचा कण सहन न करणारा, आणि दातांच्या बाबतीत असा हलगर्जीपणा? भाषणाची तयारी करूनच गेलो होतो. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साब, आपने कब दिखाया था?"

मी गप्प झालो. निवृत्तीनंतर मी नऊ वर्षं दाताच्या डॉक्टरकडे गेलो नव्हतो. पुण्यात राहतो. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांत दाताचे तीन दवाखाने आहेत. पैशाची अडचण नाही, शिक्षणाची नाही, अंतराची नाही. तरी नऊ वर्षं!

नोकरीत असताना मात्र एकही वर्ष चुकलं नव्हतं. कारण तिथे प्रश्न माझ्या इच्छेचा नव्हता. सैन्यात शिरतानाच दात मोजतात. अधिकारी म्हणून भरती होताना दातांचे किमान १४ गुण लागतात. पुढचे दात आणि उपदाढा यांना एकेक गुण, मोठ्या दाढांना दोन. आणि गुण केव्हा मिळतो? वरच्या दातासमोर खालचा दात जागेवर असेल तेव्हा. एकटा दात कितीही चांगला असला तरी त्याला गुण नाही, कारण चावायला जोडी लागते. पुढे दरवर्षी तपासणी. आर्मी डेंटल कोअर ४ फेब्रुवारी १९४१ रोजी उभी राहिली, तेव्हापासून सैनिकाचे दात ही त्याची एकट्याची खाजगी बाब उरलेली नाही. कारण सरळ आहे. उंचावरच्या चौकीत एका जवानाच्या दाढेत पू झाला, तर त्याला खाली आणायला माणसं लागतात, हवामान लागतं, कधी हेलिकॉप्टर लागतं.

म्हणजे इतकी वर्षं माझे दात सांभाळले ते यादीने, तारखेने आणि हुकुमाने. मला वाटत होतं ती माझी शिस्त आहे. निवृत्त झालो, यादी गेली, तारीख गेली, आणि माझी शिस्तही गेली. ओरत्तनाडूच्या त्या ओसरीवर हे कळलं आणि तयार केलेलं भाषण मी गिळून टाकलं.

तीन दोऱ्या

माणसं आरोग्यसेवा कधी वापरतात, याचा एक आराखडा अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये मांडला. पुढे त्यात भर पडली, पण मूळ सांगाडा आजही जगभर वापरतात. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, माणसाची घडण. वय, शिक्षण, स्त्री की पुरुष, घरच्या समजुती, भीती. दुसरी, सोय. पैसा, अंतर, वेळ, डॉक्टर आहे की नाही, कोणी सोबत येईल की नाही. तिसरी, गरज. पण ही गरज दोन प्रकारची असते. डॉक्टरला दिसणारी एक, आणि माणसाला स्वतःला जाणवणारी दुसरी.

दातांच्या बाबतीत सगळा घोटाळा या तिसऱ्या दोरीत आहे.

आता बघा. दातावरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात नस नाही. कीड कवच पोखरते तेव्हा काहीही दुखत नाही. ती आतल्या थरात गेली की थंड, गोड झोंबू लागतं. आणखी आत, मधल्या पोकळीत नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथे पोचली की रात्रीची झोप उडते. आणि मग एक फसवी गोष्ट घडते. आतली नस मरते. नस मेली की ठणका थांबतो. माणूस म्हणतो, बरा झालो. प्रत्यक्षात आता संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरायला मोकळा असतो. सुभेदारसाहेबांचं दुखणं थांबलं ते दाढ बरी झाली म्हणून नव्हे, दाढ मेली म्हणून.

गोळ्यांचंही तसंच. प्रतिजैविकाने सूज उतरते, पण मेलेल्या दातातली घाण तिथेच राहते. औषध तिथवर पोचायला रक्तपुरवठाच उरलेला नसतो. त्यामुळे सूज परत येते.

म्हणून दातांच्या बाबतीत "दुखेल तेव्हा बघू" हा हिशेबच चुकतो. दुखत नसतं तेव्हा काम छोटं असतं, दात भरून भागतं. दुखू लागतं तेव्हा रूट कॅनाल, त्यावर कॅप. त्याही पुढे गेलं की दात काढणं, आणि रिकाम्या जागेचा खर्च वेगळा. प्रत्येक पायरीवर पैसे वाढतात आणि बसायच्या वेळा वाढतात. गरीब माणूस पैसे वाचवायला थांबतो आणि नेमकी महागडी पायरी त्याच्या वाट्याला येते. सुभेदारसाहेबांच्या घरी तर तेरा दिवसांची माणसांची धावपळ, गाडीभाडं आणि कापणीचं नुकसान हेही त्या एका दाढेच्या खात्यावर पडलं.

ओसरीवरची चौकशी

मग मी तिथे तीन दिवस राहिलो आणि जो येईल त्याला विचारत गेलो. मी काही संशोधक नाही. सुभेदारसाहेब, त्यांचा मुलगा आणि सून तमिळचं हिंदी-इंग्रजी करून देत होते. गावातले काही माजी सैनिक, शेजारी, शेतमजूर बायका, जे भेटले त्यांच्याशी बोललो. दातदुखीला तिथे "पल् वलि" म्हणतात. तो शब्द उच्चारला की प्रत्येकाकडे एक गोष्ट होती. त्या गोष्टींतून जी कारणं निघाली ती तुम्हाला लातूरला, चंद्रपूरला, बेळगावला, इंदूरला जशीच्या तशी सापडतील.

पहिलं कारण, दिवस मोडतो. ओरत्तनाडू गावात दवाखाने आहेत, तंजावर वीस-बावीस किलोमीटरवर, बस सतत असते. म्हणजे अंतर नकाशावर फार नाही. पण मजुरी करणारी बाई म्हणाली, डॉक्टर एकदा बोलावत नाही, तीनदा बोलावतो. तीनदा म्हणजे तीन दिवसांची मजुरी. रूट कॅनालला दोन-तीन वेळा बसावं लागतं हे खरंच आहे. दात काढायला मात्र एकच दिवस लागतो. म्हणून "काढूनच टाका" हा निर्णय अडाणीपणाचा नसतो, तो तिच्या हिशेबात बसणारा निर्णय असतो. आपण शहरात बसून तिला अडाणी म्हणतो, ते चूक आहे.

दुसरं कारण, किंमत आधी कळत नाही. सरकारी विमा योजना आहेत. तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांची विमा योजना आहे, आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, केंद्राची आयुष्मान भारत आहे. पण या योजनांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. गळ्याला छेद द्यायची वेळ आली की कार्ड कामाला येऊ शकतं. तीच दाढ दोन वर्षं आधी साधी भरून घ्यायची तर पैसे बहुधा खिशातून जातात. आजार मोठा होण्याला मदत आणि तो छोटा असताना हात वर, असा हा उलटा हिशेब आहे. सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांत कमी पैशात काम होतं, पण तिथे रांग आहे, आणि रांग म्हणजे पुन्हा दिवस.

तिसरं कारण, डॉक्टर कुठे आहेत. १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. आज देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत. म्हणजे आता डॉक्टरांचा तुटवडा देशात नाही, खेड्यात आहे. दवाखान्याची खुर्ची, यंत्रं, वीज, पाणी यांचा खर्च मोठा. तो भरून निघेल तिथेच तरुण डॉक्टर बसतो. एका शहरी गल्लीत चार पाट्या आणि चाळीस गावांत एकही नाही, हे चित्र कावेरीच्या खोऱ्यात आहे तसंच गोदावरीच्याही.

चौथं कारण, भीती आणि समजुती. "वरचा दात काढला की नजर जाते." हे वाक्य मी साताऱ्यात ऐकलं आहे, ग्वाल्हेरला ऐकलं आहे, आणि ओरत्तनाडूला तमिळमध्ये ऐकलं. त्यामुळे याचा नीट निकाल लावू. दातांची संवेदना वाहून नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. वरचा दात काढल्याने नजर जात नाही. मग समजूत आली कुठून? चाळिशी-पन्नाशीनंतर दात पडायला लागतात आणि त्याच वयात चष्मा लागतो, मोतीबिंदू येतो. दोन गोष्टी एका वेळी घडल्या की आपण एकीला दुसरीचं कारण ठरवतो. दुसरी समजूत, "दात साफ केले की हलतात." दातांभोवती दगडासारखा थर साचलेला असतो, त्याखाली हिरडी आणि हाड आधीच झिजलेलं असतं. थर काढला की झीज उघडी पडते. दात आधीच सैल झालेला असतो, थराने तो फक्त धरून ठेवलेला असतो.

भीतीची मात्र टिंगल करू नका. एका म्हातारबुवांनी सांगितलं, लहानपणी दोघांनी धरून दात उपटला होता, त्यानंतर साठ वर्षांत ते कुणाकडे गेले नाहीत. आज भूल देऊन काम होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एक वाईट अनुभव माणसाला कायमचा दूर लोटतो. आणि तो आपली भीती पोराबाळांनाही देऊन जातो.

पाचवं कारण, तोंडातला विडा. कुंभकोणमची विड्याची पानं प्रसिद्ध आहेत आणि या भागात पान-सुपारीशिवाय आदरातिथ्य नाही. आपल्याकडे तंबाखू-चुना, खर्रा आणि घराघरात दात घासायला मिश्री. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते मी सांगायला नको. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आता यात उपचार टाळण्याचा संबंध कुठे? दोन ठिकाणी. एक, तंबाखू आणि मिश्री हिरडीचं दुखणं तात्पुरतं बधिर करतात, त्यामुळे गरज जाणवत नाही. दोन, माणसाला वाटतं की डॉक्टर तोंड बघून ओरडेल. या लाजेपोटी तो जातच नाही, आणि पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, या खुणा बघायला कुणी उरत नाही.

मुरुक्कू आणि कॉफी

सहावं कारण मला कुणी सांगितलं नाही. ते दिसलं.

रोज दुपारी चार वाजता सुभेदारसाहेबांच्या पत्नी कॉफी आणि मुरुक्कू, म्हणजे आपल्या चकलीसारखा पदार्थ, आणून ठेवायच्या. आम्ही दोघं खायचो, गप्पा मारायचो. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष गेलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून मुरुक्कू कॉफीत बुडवत होत्या, पार मऊ होईपर्यंत. मग जिभेने टाळूवर दाबून गिळत होत्या. मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "अत्तैंच्या दाढा नाहीत. वरच्या नाहीत, खालच्याही नाहीत. किती वर्षं झाली, आठवत नाही."

सुभेदारसाहेब एकदम गप्प झाले. त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायको काय चावू शकते हे माहीत नव्हतं. माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, पत्नीचंही नाव त्यात असतं, तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांची सोय असते. पण बाईंना तिथे न्यायचं कुणी? त्यांना दुखत असताना कुणाची तरी परीक्षा होती, कुणाचं बाळंतपण होतं, लावणी होती. दुखणं थांबल्यावर तर प्रश्नच मिटला. घरातल्या बाईचा दात हा घरातला सगळ्यात शेवटचा खर्च असतो. हे मी ओरत्तनाडूबद्दल बोलत नाही. माझ्या आईने वयाच्या बावन्नाव्या वर्षापासून भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आम्हा भावंडांना वाटायचं, तिला तशीच आवडते.

आपल्यात म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. आपण ती नशिबाबद्दल वापरतो. पण दात जाणं हे नशीब नाही, म्हातारपणही नाही. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने, आणि हे दोन्ही बहुतांशी टाळता येतात. साखरेच्या रुग्णांनी तर विशेष लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचा आजार राहिला की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोन्ही बाजूंनी मार. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे आजार आहेत. एवढा मोठा आजार, आणि आपण त्याला आजार म्हणत नाही.

वाटेवरचं छत्र

ओरत्तनाडूला मराठी माणसाने बघावी अशी एक वास्तू आहे, मुक्तांबाळ छत्र. तंजावरवर १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्यातले दुसरे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ या काळातले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुक्तांबाळ यांच्या नावाने हे छत्र उभारलं. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर. सरफोजींना वैद्यकाचा मोठा नाद होता. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधांवर काम चालायचं, आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत.

१८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. तंजावरच्या छत्रांत काय चालतं ते त्यात सांगितलं आहे. वाटसरूंना जात न बघता अन्न. शिक्षक आणि वैद्य नेमलेले. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण. बाळंतिणीची काळजी.

मी त्या जुन्या दगडांपाशी उभा राहून विचार केला. राजाने वैद्य कुठे बसवला? यात्रेकरूने वैद्याकडे जावं म्हणून त्याने वाट वाकवली नाही. माणसं ज्या वाटेने जाणारच होती, त्या वाटेवर वैद्य आणून बसवला. पैशाचा प्रश्न नाही, वेगळा दिवस मोडायचा प्रश्न नाही, सोबत कोण येईल हा प्रश्न नाही. अँडरसनसाहेबांची दुसरी दोरी, सोय, ती या माणसाला दीडशे वर्षं आधी कळली होती.

आज याचा अर्थ काय होतो? तमिळनाडूने २०२१ मध्ये दारोदारी आरोग्यसेवेची योजना सुरू केली, तिच्यात रक्तदाब-साखरेच्या औषधांची सोय घरपोच होते. त्याच माणसाने "आ करा" म्हणून तोंडात बॅटरी मारली तर? शाळेच्या तपासणीत दात बघतात, पण चिठ्ठी दिलेल्या मुलाला खुर्चीपर्यंत नेतो कोण? आपल्या साखर कारखान्यांवर ऊसतोड कुटुंबं सहा महिने एका जागी असतात. दाताची गाडी तिथे गेली तर दिवस मोडत नाही. २०१४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्याचा हेतू चांगला आहे. पण सेवा वाटेवर आली पाहिजे.

हयातीचा दाखला

सरकार करेल तेव्हा करेल. आम्ही काय केलं ते सांगतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुभेदारसाहेबांच्या ओसरीवर आठ-नऊ माजी सैनिक जमले. मी म्हटलं, आपल्याला शिस्त नव्हती, आपल्याला तारीख होती. मग आता तारीख कुठून आणायची? एक नायकसाहेब म्हणाले, "नवंबर, साब." पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, ते कुणी विसरत नाही. ठरलं. ज्या महिन्यात हयातीचा दाखला, त्याच महिन्यात दातांची तपासणी. आणि एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. दाताला गुण मिळतो जोडी असेल तेव्हा. तसंच.

पहिल्या नोव्हेंबरात ओरत्तनाडूहून अकरा माणसं गेली, पाच जोडपी आणि एक एकटे. एकाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा सापडला. त्यांची सुपारी सुटली आहे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे. सुभेदारसाहेबांच्या पत्नींना कवळी मिळाली. सुरुवातीला त्या ती डब्यात ठेवायच्या, फक्त फोटोपुरती लावायच्या. दोनदा घासून नीट बसवून घेतली, तेव्हा कुठे जमलं. मीही पुण्यात गेलो. नऊ वर्षांचा हिशेब निघाला, दोन दात भरले, एक दाढ गमावली. त्या दाढेची जागा जिभेला अजून सापडते.

आता तुमच्यासाठी पाच गोष्टी, वहीत लिहून ठेवा.

१. वर्षातला एक दिवस पक्का करा. पेन्शनर असाल तर हयातीच्या दाखल्याचा महिना. नसाल तर वाढदिवस, दिवाळीच्या आधीचा रविवार, काहीही. दुखण्याची वाट बघू नका.

२. दुखून थांबलेला दात हा बरा झालेला दात समजू नका. तो आधी दाखवा.

३. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम किंवा चट्टा दिसला तर तोही दाखवा.

४. दवाखान्यात विचारायला लाजू नका. किती वेळा यावं लागेल, एकूण किती खर्च, स्वस्त पर्याय कोणता. चांगला डॉक्टर नीट सांगतो. फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, दिवसातून दोनदा, रात्रीची चुकवायची नाही.

५. आज घरी जेवायला बसाल तेव्हा समोरच्या ताटाकडे बघा. कोण काय बुडवून खातंय, कोण एका बाजूने चावतंय, कुणी चणे-शेंगदाणे बाजूला ठेवलेत. विचारा. ती व्यक्ती स्वतःहून सांगणार नाही.

परवा सुभेदारसाहेबांचा फोन आला होता. नेहमीचं वाक्य झालं, "काय साब, बरं हाय का?" मग म्हणाले, एक मिनिट थांबा. फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. कुणी बोललं नाही. नुसता कडकड आवाज आला. मग हसू. सुनेने मागून ओरडून सांगितलं, "अंकल, अत्तै मुरुक्कू खातायत. कॉफीशिवाय."

पुढच्या भागात भेटू. तोवर दात मोजा. आधी घरातल्यांचे, मग स्वतःचे. जय हिंद.